रामटेके सरांचा झारा

रामटेके सर खोटं बोलत नसत. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, वैतागून सांगतेय. खोटं न बोलणाऱ्या माणसाचे अर्ज टाईप करून द्यायचे म्हणजे काय ताप असतो, ते माझं मला माहीत.

पवनीच्या बसस्टँडजवळ माझं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. सर आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे निदेशक. राहायला आसगावला, तिथून मोपेडवर यायचे. बोटांच्या पेरांत ग्रीस मुरलेलं, म्हणून माझ्या दारातच थांबून रुमालानं दहाही बोटं पुसायची आणि मग कागदाला हात लावायचा. पहिल्यांदा आले ते रजेच्या अर्जासाठी. मी आपली सवयीनं 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' असं टाईप करून मोकळी झाले. सरांनी वाचलं आणि कागद परत माझ्यापुढे ठेवला.

"माह्या तब्येतीले काही नाही झालं, बाई. पोरीले पाहाले पाहुणे येऊन रायले. तसंच लिवा."

"अहो सर, असं कोणी लिहितं का? सगळे तापच लिहितात."

"सगळ्याइले येत असन."

लिहिलं बापा तसंच. रजा मंजूर झाली, आणि पुढे वर्षभर त्यांच्या आयटीआयमधली माणसं मला भेटली की, "बाई, पाहुण्याची रजा टाईप करून द्या," म्हणून हसायची. सरांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"मापात बोल," हे त्यांचं पालुपद. कुणी म्हटलं, 'बाजारात मुंगी शिरायला जागा नव्हती', की सर विचारायचे, "मंग तू कसा शिरला?" उंच सडपातळ माणूस, आवाज खालचा, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत नाही, हाताकडे बघायचे. हात पाहून माणूस काय काम करतो ते ओळखायची त्यांना खोड होती. माझे हात पाहून पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुमची करंगळी आखडते, बाई. त्या बोटाखालचं बटण जड हाय तुमच्या मशीनचं." खरंच जड होतं. दुसऱ्या दिवशी येऊन तेल देऊन गेले.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्या वेळची एक गोष्ट सांगते. इकडची काही यंत्रं आणि अवजारं नव्या जिल्ह्यातल्या एका संस्थेला द्यायची ठरली. वाटणी म्हटलं की माणसं घरातही भांडी लपवतात, ही तर सरकारी वाटणी. चांगली यंत्रं इथंच ठेवायची आणि मोडकी तिकडे ढकलायची, असं सगळ्यांचं आतून ठरलं होतं. यादी करायचं काम सरांकडे आलं. त्यांनी प्रत्येक यंत्रावर खडूनं त्याचं दुखणं लिहून काढलं. 'चक डगमगते.' 'मोटर गरम होते.' 'एकदम ठीक.' आता 'एकदम ठीक' लिहिलेलं यंत्र लपवायचं कसं आणि 'मोटर गरम होते' लिहिलेलं 'चालू' म्हणून पाठवायचं कसं? सहकारी चिडले. एकजण तर अंगावर धावून गेला म्हणतात. सर त्याला एवढंच म्हणाले, "तिकडचे पोरं का परदेशातले होय? कालपर्यंत आपलेच होते ना बापा." निम्मी चांगली यंत्रं तिकडे गेली. सरांशी दोन महिने कोणी चहा प्यायलं नाही.

पण या माणसाची मला खरी काळजी वाटायला लागली ती पंख्यापासून. धान उफणायला वारा नसला की बाया सूप घेऊन ताटकळत बसतात, म्हणून सरांनी पायानं चालवायचा एक पंखा बनवला होता. कोणीही मागावा आणि सरांनी कागदावर आकृती काढून द्यावी. हायवेवरच्या एका व्यापाऱ्यानं असाच आकृतीचा कागद नेला. दोन वर्षांनी तोच पंखा त्याच्या नावानं बाजारात आला, आणि वर सरांच्याच दोन विद्यार्थ्यांना वकिलाचं पत्र आलं, की हा पंखा आमच्या नावावर नोंदलेला आहे, तुम्ही बनवायचा नाही. पोरं घाबरून सरांकडे आली. सर ते पत्र घेऊन माझ्याकडे आले. इंग्रजी होतं, मी वाचून अर्थ सांगितला. सर खुर्चीत बसून राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"माह्याच पोराइले माहाच पंखा बनवाची मनाई," ते म्हणाले. "बाई, पुढच्या वेळी मी आधी माह्या नावानं कागद करन. नाव माहं राहिलं तर मी कोनालेबी बनवू देईन, फुकट. दुसऱ्याचं लागलं तर माह्या गावाले इकत घ्यावं लागन."

पुढची वेळ आली ती त्यांच्या बायकोमुळे. यशोदाकाकू दरवर्षी रोवणीच्या आधी पऱ्हे उपटायला जायच्या. पऱ्हे म्हणजे दाट पेरलेली धानाची रोपं, रोवणीत ती उपटून दुसरीकडे लावायची. पाण्यात ओणवं होऊन मूठ मूठ उपटायची, मुळांचा चिखल पायावर आपटून झाडायचा आणि पेंडी बांधायची. आठ दिवसांत बोटांच्या बेचक्या चिखल्यांनी सोलून निघतात आणि कंबर सरळ होत नाही. एका वर्षी काकू पोळपाटासमोर बसल्या आणि लाटणं धरता येईना. त्या चिडून म्हणाल्या, "दुनियेचं लोखंड सरळ करता, माही कंबर काहून दिसत नाही तुमाले?"

सर निवृत्त झाले होते. दोन पावसाळे घरामागच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, ते आणि काकू खपत होते. शेवटी जे तयार झालं ते दिसायला साधं होतं. पुढे एक चाक, हातात धरायला दांडा आणि खाली भोकं पाडलेलं पातळ पातं. पातं चिखलात पऱ्ह्यांच्या मुळांखालून सरकायचं. चाकावर उंचवटे होते, त्यामुळे चाक फिरलं की पातं थरथरायचं, चिखल भोकांतून गळून जायचा आणि पऱ्हे अलगद वर यायचे, मूळ न तुटता. सरांनी त्याला 'धान रोप उत्थापक यंत्र' असं नाव दिलं. गावातल्या बायांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हा त झारा होय." झाराच झालं मग त्याचं नाव.

आता इथं मला माझी चूक सांगितली पाहिजे. त्या वर्षी जूनमध्ये सर माझ्याकडे पेटंटचे फॉर्म घेऊन आले होते. "पावसाच्या आधी पाठवून देऊ, बाई," म्हणाले. माझ्याकडे टायपिंगच्या परीक्षा डोक्यावर, तीस मुली रांगेत. मी म्हटलं, "सर, एवढी काय घाई? कोण पळवून नेतंय? दिवाळीनंतर शांतपणे करू." सरांनी मान हलवली आणि फॉर्म घेऊन गेले. आणि जुलैमध्ये आसगावात झाऱ्याला गावाचा हात लागला.

आसगावात अशी रीत आहे. बैलबंडी असो, नांगर असो की ट्रॅक्टर, नवं अवजार घरात सुरू करण्याआधी गावात फिरवायचं. जो येईल त्यानं हात लावायचा, ज्याला वाटेल त्यानं चालवून पाहायचं. जो दाखवत नाही त्याच्याबद्दल म्हणतात, 'चोरून आनलं असन.' कुणी नारळ फोडतं. सर नारळ फोडत नसत. त्यांनी विहारासमोर मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील झालं, आणि झारा आधी विहारापुढून आणि मग पाटलाच्या ओट्यापुढून सगळ्या गावात फिरला. दुपारी एका बांधीत दीडदोनशे माणसांनी तो चालवून पाहिला. बाजूच्या गावच्या बायाही आल्या होत्या. मलाही बोलावलं होतं. मी पण साडी खोचून दोन पावलं चालवला आणि चिखलात बसले. लोक हसले, मी हसले. कोणीही फोटो काढला नाही. पेपरवाला आला नाही.

दिवाळीनंतर मी अर्ज टाईप केला, आम्ही पाठवला. फॉर्मसोबतच्या इंग्रजी माहितीपत्रकातलं सगळं मला कळलं असं मी तेव्हा समजत होते.

बारापात्रे वकील पुढच्या वर्षी आला. पत्रव्यवहाराची भाषा माझ्या आवाक्याबाहेर गेली, तेव्हा सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं नागपूरच्या या वकिलाचं नाव सुचवलं. भला माणूस. सरांकडून नावापुरती फी घ्यायचा. पवनीला माझ्याच इन्स्टिट्यूटमध्ये बसून त्यानं फाईल पाहिली आणि सहज विचारलं, "अर्जाआधी हे कोणाला दाखवलं नव्हतं ना?"

"साऱ्या गावाले दाखवलं," सर म्हणाले.

वकिलानं पेन खाली ठेवलं. मग त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. अर्जाच्या आधीच ती लोकांसमोर आली, तर कायद्याच्या दृष्टीनं ती नवी राहत नाही. सरकारनं ठरवून दिलेल्या प्रदर्शनात दाखवली किंवा गरजेपुरती चाचणी घेतली तर गोष्ट वेगळी. गावच्या मिरवणुकीसाठी सूट नाही.

"जूनमध्ये पाठवला असता तर?" मी विचारलं.

"तर प्रश्नच नव्हता," वकील म्हणाला.

सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. एका शब्दानं काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतर कधीही नाही. शिव्या घातल्या असत्या तर माझ्या मनावरचं ओझं उतरलं असतं.

"घाबरू नका," बारापात्रे म्हणाला. "कागदावर काहीच नाही. फोटो नाही, बातमी नाही. पेटंट कार्यालयाला कळायचं कारण नाही. फक्त सर, तुम्ही गप्प राहा. कोणी विचारलं तरच बोला, आणि बोलाल तर चाचणी घेतली असं म्हणा."

रामटेके सरांना गप्प राहायला सांगणं ठीक होतं. ते तसेही कमी बोलायचे. पण 'चाचणी म्हणा' ऐकून त्यांनी भुवई उचलली, ती मी पाहिली. त्या दिवसापासून पोस्टमन दिसला की मी आधी सरकारी पाकीट आहे का ते बघायची.

आणि नेमकी त्याच वर्षी पेपरात नोटीस आली. पेटंटचे नियम आणि फी बदलायची आहे, लोकांनी हरकती व सूचना द्याव्यात, भंडाऱ्याला एका सभागृहात त्यासाठी बैठक आहे. वकिलालाच उत्साह. म्हणाला, "सर, फीवर तुम्ही बोला. तुमच्यासारख्या माणसाच्या बोलण्याला वजन असतं." सर माझ्याकडे दोन कागद घेऊन आले. एक फीचा. दुसरा, आधी दाखवून मग अर्ज करणाऱ्याला वर्षभराची मुदत मिळावी याचा. मी दुसरा कागद वाचला आणि हात आखडता घेतला.

"सर, हा नको."

"टाईप त करा. वाचत नाही."

"शब्द द्या."

"पहिलाच वाचीन मनून ठरवलं हाय," सर म्हणाले. हा शब्द होता की नाही, याचा मी भंडाऱ्यापर्यंत बसमध्ये विचार करत होते.

सभागृहात साठ-सत्तर माणसं असतील. कॉलेजचे प्राध्यापक, राईस मिलवाले, इंजिनिअरिंगची पोरं. समोर मुंबईच्या पेटंट कार्यालयातून आलेल्या एक अधिकारी मॅडम, बाजूला सगळं टिपून घेणारा लघुलेखक. आम्ही तिसऱ्या रांगेत. मध्ये सर, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बारापात्रे. आम्ही त्यांना दोन्हीकडून धरून बसलो होतो म्हणा ना.

फीवर सर चांगले बोलले. कागद न बघता बोलले. "मॅडम, अर्जाची फी एकदा भरता येते. पन हक्क जिता ठेवाची फी दरसाल भरा लागते, आन् ते वाढतच जाते. शहरातलं मशीन बारा महिने चालते. माहं धानाचं अवजार सालातून पंधरा दिवस चालते, मंग वर्षभर भिताडाले टेकून राहाते. दोघाइले एकच फी काहून?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी स्वतः लिहून घेतलं, दोन प्रश्न विचारले, हसल्यासुद्धा. सर खाली बसले. मी सुटकेचा श्वास टाकला. वकिलानं सरांच्या मांडीवर थाप मारली. संपलं होतं. चहा येणार होता.

तेवढ्यात एका प्राध्यापकानं उठून तोच दुसरा विषय काढला, सवलतीच्या मुदतीचा. इतर देशांत काय आहे वगैरे छान बोलला. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, हे पुस्तकातलं झालं. आम्ही वर जाऊन सांगतो तेव्हा आम्हाला विचारतात, असा खरा माणूस दाखवा. ज्यानं भोळेपणानं आधी दाखवलं आणि हक्क गमावला. आमच्याकडे या भागातून असं एकही उदाहरण नोंदलेलं नाही. कुणाचं नुकसानच होत नसेल, तर नियम कशासाठी बदलायचा? इथं कोणाकडे आहे असं उदाहरण?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. वकिलानं सरांचं मनगट धरलं. मीही दुसरा हात धरला. लाज सोडून धरला. सर त्या प्राध्यापकाच्या हातांकडे बघत होते. मी मनात म्हणत होते, चहा आण रे कोणीतरी, लाईट जाऊ दे, काहीही होऊ दे.

सरांनी आमचे हात हळूच बाजूला केले, जसे एखाद्या पोराचे करावेत, आणि उभे राहिले.

"मॅडम, उदाहरन मी आहो."

त्यांनी सांगितलं. पऱ्हे, झारा, गावची रीत, विहार, पाटलाचा ओटा, बांधीतली माणसं. सगळं मापात. कोणावर दोष नाही, जूनमधल्या त्या टाईपवालीचा उल्लेखसुद्धा नाही. मी मान खाली घालून ऐकत होते.

बारापात्रे ताडकन उठला. "मॅडम, मी यांचा वकील. ती चाचणी होती. शेतीचं अवजार शेतातच, लोकांसमोरच तपासावं लागतं. कायद्यात त्याला जागा आहे."

मॅडमना जागा दिसली. त्यांनाही ती हवी होती, त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. "हो ना, रामटेकेजी? चाचणी होती?"

एक शब्द. 'हो' म्हटलं असतं तर सगळं वाचत होतं. आणि खोटंही कितीसं होतं? दोनशे माणसांनी चालवून पाहिलं, त्याला चाचणी म्हणता आलंच असतं की! मी असते तर म्हटलं असतं. तुम्हीही म्हटलं असतं.

"नाही जी," सर म्हणाले. "चाचनी घरामागं झाली, दोन पावसाळे. त्या दिवशी अवजार तयार होतं. आमी गावाले दाखवाले नेलं होतं. चाचनी मनलं तर मी गावाले फसवलं असं होईन. लोक तपासाले नव्हते आले, आपलं मनून हात लावाले आले होते."

मॅडमनी लघुलेखकाला हातानं थांबवलं. मग जरा पुढे वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचा अर्ज अजून चालू आहे ना? असं करू. 'एक शेतकरी' असं लिहू. नाव, क्रमांक नको."

ती बाई चांगली होती. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

"बिनानावाचं उदाहरन तुमच्या साहेबाइले पटन का?" सरांनी विचारलं.

मॅडमनी लघुलेखकाला लिहायची खूण केली.

सरांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, गाव, तालुका सांगितला. अर्जाचा क्रमांक त्यांना पाठ होता. एकेक आकडा थांबून सांगितला, लिहिणाऱ्याचा हात किती वेगानं चालतो ते बघत.

परतीच्या बसमध्ये मी भांडले. हो, अक्षरशः भांडले. वाटेतलं अड्याळ येईपर्यंत बस आमच्याकडे बघत होती. "तुमच्या नावासाठी आम्ही जीव टांगणीला लावून बसलो होतो, आणि तुम्ही? कोणाचं भलं करायला निघालात? कायदा बदलेल याची खात्री आहे तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"त्याइनं इचारलं कोनाचं नुकसान झालं. माहं झालं होतं." खिडकीतून बाहेर बघत ते म्हणाले, "मी बसून राहिलो असतो, आन् पुढच्या साली दुसऱ्या गावचा कोनी असाच फसला असता, त मले झारा पाहावला नसता, बाई."

मला रडू आलं. चूक माझी होती, हे तेव्हा पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर बोलले. सर म्हणाले, "तुमच्या परीक्षा होत्या." बस, एवढंच.

आसगावला काकूंना सगळं सांगायचं धाडस मीच केलं. मला वाटलं, आता ही बाई आकांत करेल. दोन पावसाळे चिखलात तिचेही गेले होते. काकूंनी ऐकून घेतलं, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गावाचा हात लागला ते चूक मनलं का तुमी तिथं?"

"नाही," सर म्हणाले.

"मंग बसा जेवाले."

काही महिन्यांनी कार्यालयाचं हरकतीचं पत्र आलं. मुदतीत उत्तर द्यायचं होतं. बारापात्रेनं तीन मसुदे करून पाठवले, तिन्हींत कुठे ना कुठे 'चाचणी' हा शब्द होता. सरांनी तिन्ही वेळा त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारून परत केले. मुदत गेली. अर्ज संपला. वकील स्वतः सांगायला आला. म्हणाला, "एकच आहे सर, तुम्ही जाहीर सांगितलंत आणि ते सरकारी नोंदीत गेलं, त्यामुळे झारा आता दुसऱ्या कोणालाही नावावर करता येणार नाही. कोणीही बनवावा, कोणीही विकावा. तुमच्या पोरांना मनाईचं पत्र येणार नाही."

"बरं झालं," सर म्हणाले. मग म्हणाले, "नाव राहिलं असतं त चांगलं वाटलं असतं." त्यांच्या तोंडून स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. पुढे नियमांचा नवा कागद निघाला तेव्हा मी चष्मा लावून तो ओळ न ओळ वाचला. फीचं काहीतरी होतं. सरांचा मुद्दा मला सापडला नाही. त्यांना मी ते सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

शेवटचं पाहिलं ते पवनीच्या बाजारात, रोवणीच्या आधीच्या आठवड्यात. अवजारांच्या दुकानासमोर हिरव्या रंगाचे नवेकोरे झारे रांगेनं उभे होते, दांड्यावर कुठल्याशा कंपनीचं चकचकीत लेबल. मी वांगी घेत होते. पाहते तर सर एका झाऱ्याजवळ उकिडवे बसलेले, आणि समोर एक अनोळखी बाई, नुकताच झारा विकत घेतलेली. दुकानदाराकडून पाना मागून घेऊन सर पात्याचा बोल्ट सैल करत होते.

"पातं एवढं उभं नोको ठेवजो, माय. मुळं कापते. असं झोपवून ठेव. आता चालवून पाहा."

बाईनं दोन पावलं चालवून पाहिलं, पातं थरथरलं. ती खूश झाली.

"तुमी कंपनीचे होय का जी?"

"नाही."

"बनवनाराले बायाची कंबर ठाऊक असन, बापा."

मी वांगी टाकून पुढे झाले. तोंड उघडलं होतं मी, सगळ्या बाजाराला ओरडून सांगणार होते. सरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पाना दुकानदाराला परत दिला.

"त्याची बायको सांगे त्याले," ते त्या बाईला म्हणाले.

बाई हसली, झारा खांद्यावर टाकून एसटीकडे निघाली. सर मला "जयभीम, बाई" म्हणाले, मोपेडला किक मारली आणि आसगावच्या रस्त्याला लागले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.